जावळ काढायला दमणला

परवा नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये आमच्या बाळूच्या नातवाचं जावळ काढलं. बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ. सत्तरी ओलांडून गेला, तरी माझ्या तोंडी तो बाळूच. नातवाचा मामा कॅनडात. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून तो मोबाइलवर हजर होता. पण जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, तर मोबाइलमधून मांडी कुठून आणणार? शेवटी एका चुलत मामाला पाटावर बसवलं आणि सख्खा मामा त्याच्या शेजारी, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. मशीन घुर्रर्र करायला लागलं, बाळाने हॉल डोक्यावर घेतला आणि कॅनडातला मामा "अरे, मला फक्त छत दिसतंय" म्हणून ओरडत राहिला. मी पोट धरून हसले.

जेवणाच्या पंगतीत बाळूने त्याची नेहमीची गोष्ट काढली. "हे काहीच नाही! माझं जावळ काढायला आमच्या बापाने सगळं घर मचव्यात घालून परदेशी नेलं होतं. आणि तिथे ऐन बंदराच्या तोंडाशी मचवा वाळूत रुतवून ठेवला. एवढा नावाजलेला तांडेल, पण दमणला गेला आणि फसला!" सगळे हसले. बाळूच्या डोक्यावर आज औषधालाही केस नाही, त्यामुळे ही गोष्ट त्याच्या तोंडून ऐकायला आणखी मजा येते. मीही हसले. मात्र घास तोंडात तसाच राहिला.

परतताना तो मला गाडीने कल्याणला सोडायला आला. दुर्गाडीचा पूल उतरल्यावर मी म्हटलं, "थांबव जरा. खाडी बघू."

आता तिथे बसायला बाक आहेत, झाडांना चुन्याचे पट्टे आहेत, फुगेवाला आहे. ओहोटीची वेळ होती. चिखल उघडा पडला होता आणि त्याचा तो वास आला. ज्यांना तो घाण वाटतो त्यांनी नाकाला रुमाल लावलेले. मी मात्र छाती भरून घेतला. त्या वासात माझ्यासाठी ओलं लाकूड असतं, डांबर असतं, शिडाच्या कापडावर वाळलेलं मीठ असतं आणि बाबांच्या बंडीला येणारा माशाच्या तेलाचा उग्र दर्पही असतो.

आम्ही राहायचो तेव्हा इथे बाकबिक काही नव्हतं. किल्ल्याखाली धक्का होता आणि धक्क्याला मचवे, म्हणजे माल वाहणाऱ्या शिडाच्या होड्या, लागायचे. कुणात रेती, कुणात गवत, कुणात कौलं. मुरबाड-शहापूरकडून बैलगाड्यांनी बांबू यायचा, त्याचे ढीग किनाऱ्यावर पडलेले असायचे, आणि आम्ही पोरी त्या ढिगांवर घसरगुंडी करून परकरांना भोकं पाडून घ्यायचो. बाबा आमच्या मचव्याचे तांडेल. म्हणजे सुकाणूही त्यांचं आणि शब्दही त्यांचा. खाडीचा तळ त्यांना आपल्या तळहातासारखा पाठ होता. कुठे रेती सरकली, कुठे नवा खड्डा पडला, ते त्यांना पाण्याच्या रंगावरून कळायचं. त्यांचा मचवा कधी रुतला नव्हता, आणि ही गोष्ट धक्क्यावर कुणी ना कुणी त्यांच्या देखत बोलायचंच. बाबा अशा वेळी विडी पेटवत. खूश झाल्याची त्यांची तेवढीच खूण.

बाळू सव्वा वर्षाचा झाला तरी त्याचं जावळ निघालं नव्हतं. काळेभोर कुरळे केस डोळ्यांवर यायचे. आई त्याची शेंडी बांधायची, आणि येणारी-जाणारी बाई "मुलगी का गं?" म्हणून विचारायची. घोडं अडलं होतं मामापाशी. आईला एकच भाऊ, जानूमामा. तो गलबतं बांधणारा सुतार. तो दमणला कामाला गेला आणि तिकडेच राहिला. दमण तेव्हा पोर्तुगीजांचं, आमच्याकडे फिरंग्यांचा मुलूख म्हणत. मामा का गेला आणि त्याचं नि बाबांचं कशावरून फाटलं, ते मला आजतागायत माहीत नाही. विचारलं की आई चुलीतली लाकडं पुढे सारायची. बाबा तर त्याचं नावही घेत नसत. "तुजा भाऊस" असं म्हणत.

बाबांची बहीण, आमची आत्या, आमच्याकडेच असायची. तिचा आवाज पलीकडच्या तीरावर ऐकू जाई. ती म्हणाली, "येवढं काय अरलंय? गावातला चुलत मामा बसव पाटावर नि मोकली हो."

आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "माजा सख्खा भाऊस जित्ता हाय. त्याच्या मांडीवरच निगंल, नाय तर नाय निगनार."

माझी आई फार बोलणारी नव्हती. पण एकदा बोलली की तो शब्द दगडावर कोरल्यासारखा. तिला जावळ हवं होतं हे खरं. पण तिला भाऊ बघायचा होता, हे त्याहून खरं होतं. आठ वर्षांच्या मलाही ते कळत होतं, तेव्हा बाबांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. दिवाळी झाली, वारे बदलले आणि एके दिवशी बाबांनी जेवताना सांगितलं, "दमनचा बांबू भरतोय. पोरांना घे. निरोप धाड तुज्या भावसाला."

मग काय विचारता! घरात लगीनघाई सुरू झाली. आईने खोबऱ्याच्या वड्या केल्या, तांदळाच्या पिठाचे डबे भरले, आणि सुक्या बोंबलांची एक मोठी गाठोडी बांधली. दमणच्या किनाऱ्यावर मैलभर बोंबील वाळत असतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं, कारण ते काही कल्याणचे नव्हेत. एक जिवंत कोंबडीही टोपलीखाली घातली. आणि सगळ्यांत मोठी खबरदारी म्हणजे न्हावी! "फिरंग्यांच्या मुलखात कुनाचा वस्तरा कसा, काय ठाव?" असं म्हणून आईने आमच्या आळीच्या सदूकाकांनाच बरोबर यायला गळ घातली. सदूकाकांनी समुद्र तर सोडा, आयुष्यात कधी होडीतही पाय ठेवला नव्हता. पण परदेश बघायला मिळणार म्हणून ते इस्त्रीचं धोतर नेसून, धोकटी काखेत मारून हजर झाले.

पहाटे निघालो. आईने नारळ सोडला, हळद-कुंकू वाहिलं आणि बाळूला मचव्याच्या पुढच्या टोकाला डोकं टेकवायला लावलं. त्याने ते टोक चाटलं. मला आणि माझी धाकटी बहीण शेवंती हिला बाबांनी कमरेला दोर बांधून डोलकाठीला अडकवलं. मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून तशी रीतच होती. दोराची लांबी एवढी की वाकून पाणी बघता यावं, पण हात बुडू नये. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला, शीड फडाडलं आणि फुगून गप्प झालं. ती गप्प होण्याची घटका मला फार आवडायची. त्यानंतर फक्त फळ्यांखालून जाणाऱ्या पाण्याची कुजबुज ऐकू यायची.

डाव्या हाताला ठाकुर्लीच्या वीजघराचा धूर दिसला. डोंबिवलीच्या मोठागावाला रेती काढणारे लोक गळ्याइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी आरोळी दिली, "तांडेल, आज पोरंबालं घेऊन कुठं?" आणि आत्या बाबांच्या आधी ओरडली, "परदेशी!" त्या एका शब्दाची तिला एवढी गोडी लागली, की पुढे कोलशेतपर्यंत भेटेल त्या होडीला तिने तो ऐकवला. घोडबंदरच्या वळणाला तिवरांतून बगळे उठले. भाईंदरच्या मिठागरांत मिठाचे ढीग उन्हात असे चमकत होते, की डोळे मिटून घ्यावे लागले. तिथल्या पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी घालावी लागे. नेमकी तेव्हाच वरून गाडी धडधडत गेली, आणि सदूकाकांनी "गेलो, गेलो!" म्हणून आत्याचा हात धरला. आत्याने तो झटकला, पण जरा वेळाने.

वसईच्या किल्ल्यापुढे खाडी संपली आणि समुद्र लागला. पाण्याचा रंग बदलला, वासही बदलला. मचवा आता नुसता चालत नव्हता, तो वर चढत होता आणि खाली उतरत होता. आम्ही दोघी किंचाळून हसत होतो. सदूकाका आडवे झाले ते दमण येईपर्यंत उठलेच नाहीत. "मलाबी बांधा रे, पोरींसारखा," असं ते क्षीण आवाजात म्हणाले. बाबांनी खरंच त्यांच्या कमरेला दोर बांधला. आई बिचारी त्यांच्या नाकाशी कांदा धरायची.

त्या प्रवासाचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत, ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. मचव्यावर वाळू भरलेल्या पेटीत चूल होती, तिच्यावर भात रटरटायचा, आणि वाऱ्याने धूर नेमका आत्याच्याच डोळ्यांत जायचा. भाताला थोडी समुद्राची चव यायची. कोंबडीने अर्नाळ्याच्या पुढे कुठेतरी अंडं घातलं. ते कुणाचं यावर आमच्या दोघींत मारामारी झाली आणि आईने ते सदूकाकांना पाजलं. सकाळी किनाऱ्याकडून वारा येई. त्याला पेंढ्याचा, गुरांचा, कुणाच्या तरी चुलीचा वास असे. दुपारी तो फिरे आणि नुसत्या पाण्याचा वास येई. डहाणू गेलं, उंबरगाव गेलं. माडांची रांग संपायची, ताडांची सुरू व्हायची. बाळू आईच्या मांडीवर झोपायचा आणि त्याचे ते केस वाऱ्यावर भुरुभुरु उडायचे. आई ते एका हाताने धरून ठेवायची. इतकी लांबून आणलेली ठेव वाऱ्यानेच नेली तर, अशी भीती तिला वाटत असावी.

मी बाबांना सारखी विचारायची, "परदेश कुठे सुरू होतो?" मला वाटायचं, तिथे एखादी भिंत असेल, निदान पाण्याचा रंग तरी लाल असेल. शेवटी एका दुपारी बाबांनी बोट दाखवलं. "तो वाकलेला ताड बगलास? तो आपला. त्याच्या म्होरचा फिरंग्यांचा."

मी दोन्ही ताडांकडे टक लावून बघत राहिले. दोन्हींवर सारखीच मडकी लटकत होती. शेवंतीने तर परदेशी ताडाला नमस्कारच करून टाकला.

दमणची नदी आली, दोन्ही तीरांवरचे किल्ले दिसले, पांढरी देवळं दिसली. मी अगदी हरखून गेले. काठावर अर्धवट बांधलेल्या गलबतांचे सांगाडे उभे होते आणि हातोड्यांचा ठकठक आवाज पाण्यावरून येत होता. त्या सांगाड्यांपाशी एक माणूस कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत उभा होता. आई एकदम म्हणाली, "जानू हाय तो. तसाच उबा राहतो, एका पायावर भार देऊन." इतक्या लांबून तोंडही दिसत नव्हतं.

तेवढ्यात जकातीची होडी आमच्या मचव्याला येऊन लागली. खाकी कपड्यातला एक शिपाई वर चढला. त्याने बांबू बघितला, आम्हाला बघितलं आणि मान हलवली. माल उतरवायचा, माणसांनी उतरायचं नाही. किनाऱ्यावरच्या कुणी मचव्यावर यायचं नाही. माल उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघून जायचं. पूर्वी असं नव्हतं म्हणे. मधेच काय झालं ते मोठ्या माणसांना ठाऊक. बाबांनी हात जोडले, आत्याने आवाज चढवला, सदूकाकांनी पडल्या पडल्याच धोकटी वर करून दाखवली. शिपाई नाहीच म्हणाला.

बांबू उतरत राहिला. आई मचव्याच्या कडेला किनाऱ्याकडे तोंड करून बसली, बाळूला उभा धरून, म्हणजे पलीकडच्याला दिसावा. पलीकडे तो माणूसही हलला नाही. मधे पाणी होतं, आणि ते काही फार रुंद नव्हतं. मला पहिल्यांदा त्या परदेशाचा राग आला. संध्याकाळ झाली तरी ती तशीच बसलेली. बाबा दोनदा तिच्यामागे येऊन उभे राहिले आणि परत गेले. मग ते व्यापाऱ्याच्या माणसाशी हुज्जत घालताना मला ऐकू आले. काही जाडजूड बांबू त्यांनी मचव्याच्या तळाशीच ठेवून घेतले होते, देणार नाही म्हणत होते. शेवटी त्याला बोंबलांची अख्खी गाठोडी देऊन त्यांनी ते बांबू राखले.

सकाळी भरती पुरी होऊन पाणी उतरायला लागलं, तसा बाबांनी नांगर उचलला. आईने डोळ्यांना पदर लावला. मी डोलकाठीला बांधलेली, बाबांच्या अगदी जवळ. नदीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी सुकाणू आपल्या खलाशाकडे दिलं, एक बांबू घेऊन पाण्याचा तळ चाचपला, पुन्हा चाचपला आणि हळूच म्हणाले, "हिकरं घे. आनी थोरा." दुसऱ्याच क्षणाला मचव्याच्या पोटाखाली खर्रर्र आवाज झाला आणि आम्ही सगळे पुढे कलंडलो. बाबा किनाऱ्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "रुतला रे रुतला! मचवा रुतला!"

आत्या तर हंबरडाच फोडायच्या बेतात होती. मी घाबरून बाबांचं धोतर धरलं. त्यांनी खाली वाकून माझ्या कमरेचा दोर सैल केल्यासारखं केलं आणि कानात म्हणाले, "रुतला नाय गो. बसवलाय. पन कुनाला सांगू नुको. कुनालाच."

पाणी भराभर उतरलं. मचवा एका बाजूला लवंडू नये म्हणून ते राखलेले बांबू दोन्ही अंगांना टेकू म्हणून लागले. थोड्या वेळात आमच्या चारी बाजूंना ओली वाळू चमकायला लागली आणि तिच्यावरून लहान लहान खेकडे तिरके पळायला लागले. तिकडे बाबांचा आरडाओरडा चालूच होता, "फली उसवली! सुतार पाठवा, सुतार!" किनाऱ्यावर शिपाई जमले. त्यांच्यात काय बोलणं झालं देव जाणे. पण मचवा बंदराच्या तोंडात अडकून पडलेला त्यांनाही नको होता. आणि मग त्या वाळूवरून, खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन, एक सुतार आमच्याकडे चालत आला. पहिल्यांदा चालत, नंतर जवळजवळ धावत.

जानूमामा वर चढला नाही. आधी त्याने मचव्याला एक फेरी घातली. टेकूंकडे बघितलं. एक टेकू त्याने हाताने हलवून पाहिला आणि हातोड्याने नीट ठोकून बसवला. मग बाबांकडे बघितलं. बाबा समुद्राकडे बघत विडी पेटवत होते. मामा वर आला आणि आईच्या पुढ्यात उभा राहिला. आई म्हणाली, "बारीक झालास." एवढंच म्हणाली आणि बाळूला त्याच्या हातात देऊन रडली. त्या दिवशी ती तेवढीच रडली, पण भरपूर रडली.

अडचण एकच होती. शिपाई किनाऱ्यावरून बघत होते, आणि सुतार म्हटला की ठकठक ऐकू यायला हवी. मामाच्या मांडीवर तर बाळू. तेव्हा मामाने हातोडा माझ्या हातात दिला आणि एक जुनी फळी दाखवली. "बडव," म्हणाला. मी आणि शेवंतीने पाळीपाळीने ती फळी बडवली. आयुष्यात मला इतकं मानाचं काम पुन्हा कुणी दिलं नाही.

आणि सदूकाका! मचवा वाळूवर स्थिर बसला, तसा तो माणूस उठून बसला, तोंड धुतलं, धोतर झटकलं आणि वस्तरा चामड्यावर ओढायला लागला. कितीतरी दिवस मेल्यासारखे पडलेले सदूकाका ते हेच का, असं वाटावं. आत्याने पदर पसरला, कारण जावळाचे केस आत्याने झेलायचे असतात, ते खाली पडू द्यायचे नाहीत. पहिली बट मामाने आपल्या हाताने कापली. बाळूने एकदा भोकाड पसरलं, पण मामाच्या पिशवीतला लाकडाचा गुळगुळीत तुकडा हातात मिळाल्यावर तो गप्प बसला. वस्तऱ्याची सरसर, आमची ठकठक, वर घिरट्या घालणारे पाणपक्षी, आणि गुळाबरोबर कुटलेल्या खोबऱ्याचा वास. मला त्या घटकेचं सुख अजून जसंच्या तसं आठवतं.

अर्धं डोकं झालं होतं, तेव्हा बाहेरून कुणीतरी मचव्यावर थाप मारली. आमची ठकठक बहुतेक सुतारासारखी येत नव्हती. कालचाच शिपाई बूट हातात घेऊन वाळूवर उभा होता. त्याने कडेवरून आत डोकावून बघितलं. सुताराच्या मांडीवर अर्धं डोकं भादरलेलं पोर, हातात वस्तरा घेतलेले सदूकाका, पदर पसरलेली आत्या, माझ्या हातात हातोडा. सगळे जिथल्या तिथे थिजलो. आईने मात्र त्याच्याकडे सरळ बघितलं. म्हणाली, "माजा भाऊस हाय. ह्याचा मामा."

शिपाई गोव्याकडचा असावा. मग बाळूच्या डोक्याकडे बोट करून म्हणाला, "अर्दें दवरूं नाका." अर्धं ठेवू नका. आणि मग माझ्याकडे वळून, हाताने हातोडा चालवून दाखवत, नीट एका लयीत ठोकायची खूण केली. आईने त्याला मूठभर वड्या दिल्या. त्या खात तो मचव्याच्या सावलीत, किनाऱ्याकडे पाठ करून बसून राहिला.

डोकं पुरं झालं. बाळूचं गोल, पांढुरकं, उघडं डोकं बघून शेवंती म्हणाली, "हा बाळू नाहीच." मामाने त्याला टोपडं आणलं होतं, फुलांच्या फिरंगी कापडाचं. नंतर उरलेला सगळा वेळ मामाने खरोखर काम केलं. मचव्याच्या फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकत तो वाळूवर मचव्याभोवती फिरला. कुणी सांगितलं नव्हतं. आई त्याच्याबरोबर कडेने चालत होती, तो खाली, ती वर, आणि दोघांचं बोलणं चाललं होतं. बाबा बसून ते ठोकणं ऐकत होते. मधेच त्यांनी भांड्यात पाणी भरलं आणि माझ्या हाती मामाकडे पाठवलं.

मग वाळूवर पाण्याची पहिली पातळ चादर आली. शिपाई बूट घेऊन उठला. मामा गुडघ्याइतक्या पाण्यात उभा राहिला, मग कमरेइतक्या. "ही वालू त्यांची बी नाय आनी आपली बी नाय," बाबा कुणाकडे न बघता म्हणाले, "भरतीची हाय. जायला सांग त्याला." मामा माघारी फिरला. मचवा हलला, टेकू सुटले, आम्ही तरंगलो. आत्याने केसांचा कणकेत घातलेला गोळा पाण्यात सोडला. आई शिडाखाली बसून हसत होती. तिला तसं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

कल्याणला पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. धक्क्यावर लोक हसून हसून बेजार. "काय तांडेल, दमनला रुतलास म्हने?" बाबांनी विडी पेटवली आणि म्हणाले, "रुतलो बाबा. काय करनार, परकं पानी." ज्या माणसाला त्या एका गोष्टीचा अभिमान होता, त्याने ती गोष्ट हसत हसत टाकून दिली. मेव्हण्यासाठी आपण एवढं केलं, हे मेव्हण्याला कळू नये म्हणून, की फिरंग्यांनी मामाला त्रास देऊ नये म्हणून, मला सांगता येणार नाही. आयुष्यभर लोकांनी त्यांना चिडवलं. सगळ्यांत जास्त आईने चिडवलं. पण ज्या दिवशी चिडवायची त्या दिवशी त्यांच्या ताटात माशाचा मधला तुकडा असायचा, हे मी बघून ठेवलं होतं.

पुढे तो रस्ता बंदच झाला. दमण आपलं झालं तेव्हा मी मोठी झाले होते. मामा कल्याणला आला, बाबांशेजारी धक्क्यावर बसला, आणि एका म्हाताऱ्या खलाशाने लगेच विषय काढला. "ह्याच्याच दारात रुतवलास ना रं मचवा?" मामाने बाबांकडे बघितलं. "व्हय," तो म्हणाला, "पन असा रुतवलेला मचवा मी दुसरा बगला नाय." बाबांनी त्याच्यापुढे विडी केली. त्या दोघांत त्यानंतर कधी काही बिनसल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं परवा खाडीकाठच्या बाकावर मी बाळूला सांगितलं. बाबांनी नको म्हटलेल्या फार थोड्या गोष्टी मी पाळल्या, त्यांतली ही एक. पण आता ते नाहीत, मामा नाही, फिरंगीही नाहीत. आणि हॉलमध्ये बाळू "फसला" म्हणाला तेव्हा मला राहवलं नाही.

बाळूने टोपी काढली आणि आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. "ह्या केसांसाठी?" म्हणाला. मी हसले, तोही हसला, आणि हसता हसताच त्याने चष्मा पुसला.

खाली चिखलात एक जुनी होडी उभी होती. बाळू उठून कठड्यापाशी गेला आणि वाकून बघायला लागला. "ताई," तो म्हणाला, "ही रुतलीय का गं, की बसवलीय?"

मीही उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बघितलं. होडीच्या दोन्ही अंगांना बांबू लावलेले होते.

"बसवलीय," मी म्हटलं.